आकृतीतली पेशी कुणाच्याच अंगात नसते

गेल्या अंकातल्या एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले होते, ‘पाठ्यपुस्तकातली पेशीची आकृती देखणी असते, पण तशी पेशी कुणाच्याच अंगात नसते.’ त्या एका वाक्याने टपाल वाढलं. दोघा शिक्षकांना राग आला, कसब्यातल्या एका आजोबांना आनंद झाला आणि बाकीच्यांनी आपापल्या शंका पाठवल्या. ३१ वर्षं पुण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना हीच आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली याचा हिशेब नाही. तेव्हा तिच्यावर रागवायचा पहिला हक्क माझा. या वेळची सगळी उत्तरं पेशीवरच.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. चाचणीत तिने तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीत ऊर्जा तयार करणारी अंगकं) लांब दोऱ्यांसारख्या, एकमेकींना जोडलेल्या काढल्या. तिने तसं एका व्हिडिओत पाहिलं होतं. बाईंनी लाल रेघ मारून ‘शेंगदाण्यासारखी काढ’ असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. बरोबर कोण? (एक आई, सिंहगड रस्ता)

मुलगी. तरी अर्ध्या गुणासाठी शाळेत जाऊ नका. बाईंनी पुस्तकात आहे तेच मागितलं, आणि पुस्तकातला शेंगदाणा खोटा नाही, अर्धवट आहे.

तो आला कुठून ते सांगते. तंतुकणिकेच्या आतलं बघायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्याच्यासाठी पेशीचा काप करावा लागतो तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, कधी त्याहून पातळ. आता दिवाळीतली एक चकली घ्या आणि सुरीने मधोमध आरपार कापा. कापलेल्या कडेवर काय दिसतं? ओळीने चारसहा सुटे गोल. ज्याने जन्मात चकली पाहिलेली नाही तो शपथेवर सांगेल, हा पदार्थ म्हणजे गोळ्यांची रांग. तंतुकणिकेचं तेच झालं. १९५० च्या दशकात तिच्या आतल्या घड्यांची सुरेख छायाचित्रं आली, ती अशा कापांची होती, आणि पुढे जगभरच्या पुस्तकांत तोच काप छापला गेला.

गंमत अशी, की त्याआधीच्या लोकांना दोरे माहीत होते. १८९८ साली कार्ल बेंडाने या अंगकाला नाव दिलं ते ग्रीक भाषेतल्या ‘दोरा’ आणि ‘कण’ या दोन शब्दांना जोडून. आपल्या मराठी नावात दोन्ही आहेत, तंतू आणि कणिका. आपण फक्त कणिका लक्षात ठेवली.

जिवंत पेशीत या तंतुकणिका सतत हलत असतात. दोन जवळ येऊन एक होतात, एकीच्या दोन होतात, पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून सरकत जिथे ऊर्जा हवी तिकडे जातात. त्यामुळे ‘एका पेशीत किती’ या प्रश्नाला नेमका आकडा नाही. यकृताच्या पेशीत हजार ते दोन हजार सांगतात. हृदयाच्या स्नायूपेशीत तर जवळपास तिसरा हिस्सा जागा यांनीच अडवलेली असते. शुक्रपेशीत त्या शेपटीच्या मुळाशी सुतळी गुंडाळावी तशा गुंडाळलेल्या असतात. आणि तांबड्या रक्तपेशीत एकही नसते, त्याबद्दल खाली सांगतेच.

‘पेशीचं ऊर्जाघर’ हे विशेषणही मुलीला पाठ असेल. ते चालेल, फक्त वीज साठवून ठेवणारं घर डोळ्यांपुढे आणू नका. इथलं चलन एटीपी, म्हणजे पेशीतल्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू. ते अंगात एका वेळी जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, पण मोडून पुन्हा जोडलेल्या एटीपीचं दिवसभराचं वजन धरलं तर ते आपल्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जातं. मंडईत सकाळी निघालेली तीच दहाची नोट संध्याकाळपर्यंत किती हातांतून फिरते, तसं.

तंतुकणिकेचा रंग गुलाबी का, असं मला एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. प्रयोगशाळेतल्या तक्त्यात गुलाबी होती म्हणून. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र काळंपांढरं असतं. गुलाबी, जांभळा, पोपटी हे सगळे रंग तक्ता रंगवणाऱ्याचे.

प्रश्न : आमच्या हास्यक्लबात एक संदेश फिरतोय, की एकादशीला उपास केला की पेशी स्वतःचा कचरा स्वतः खातात आणि या शोधाला नोबेल मिळालं आहे. खरं का? (एक ज्येष्ठ नागरिक, सहकारनगर)

नोबेल खरं, पेशी कचरा खातात हेही खरं. एकादशी संदेश लिहिणाऱ्याची.

गोष्ट लयकारिकेपासून, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशवीपासून सुरू होते. बेल्जियमचे क्रिस्तियान द दूव्ह उंदराच्या यकृतावर काम करत होते, आणि शोधत होते इन्सुलिनचं काहीतरी. त्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, मोजायचं होतं. ताज्या द्रावणात ते अगदी कमी भरलं. द्रावण शीतकपाटात ठेवून दिलं आणि काही दिवसांनी पुन्हा मोजलं, तर कितीतरी पटींनी जास्त! शिळं झाल्यावर विकर वाढेल कसं? एखाद्याने ‘नळी नीट धुतली नसेल’ म्हणून द्रावण ओतून दिलं असतं. त्यांनी विचार केला, की विकर आधीपासून होतंच, पण कुठल्यातरी पिशवीत बंद होतं. ठेवल्या ठेवल्या पिशव्या फुटल्या आणि ते बाहेर आलं. १९५५ साली त्यांनी त्या पिशवीला लायसोसोम म्हटलं, आपण लयकारिका म्हणतो. १९७४ चं नोबेल त्यांना आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलाडी यांच्यासोबत मिळालं. पेशीने आपलेच जुने भाग लयकारिकेत नेऊन पचवणं, याला ‘ऑटोफॅजी’ हा शब्दही द दूव्ह यांचाच. मराठीत स्वभक्षण म्हणता येईल.

तुमच्या संदेशातलं नोबेल मात्र २०१६ चं, जपानच्या योशिनोरी ओसुमी यांचं. त्यांनी किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवलं आणि त्यांच्यात स्वभक्षण कोणत्या जनुकांमुळे चालतं ते शोधून काढलं. उपासमार झाली की ही क्रिया वाढते, हे उंदरांतही दिसलेलं आहे. पण ती एरवीही चालूच असते. तुम्ही पुरणपोळी खाऊन आडवे झालात तरी यकृतातल्या म्हाताऱ्या तंतुकणिका लयकारिकेत जातच असतात. त्यातून सुटे झालेले घटक पुन्हा वापरात येतात. आपल्याकडे रद्दीवाला येतो ना, कागद वेगळा, पत्रा वेगळा, तसं. माणसाच्या बाबतीत ‘अमुक तासांनी सुरू होतं’ असं घड्याळ लावून सांगणाऱ्याला पुरावा मागा.

शिवाय एकादशीचा आणि उपासमारीचा संबंध काय? साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ आणि आमटी. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे काही मी म्हटलेलं नाही. श्रद्धेने करता तर जरूर करा, त्यात यीस्टला ओढू नका. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपास नकोच.

याच लयकारिकांना पुस्तकात ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणतात, तेही मला खटकतं. एखादी लयकारिका फुटली म्हणून पेशी मरत नाही. आतली विकरं आम्ल परिसरात काम करतात, पीएच ४.५ ते ५ च्या आसपास. बाहेरच्या पेशीद्रव्याचा पीएच ७.२, तिथे ती बहुतेक निष्प्रभ होतात. पेशी खरोखर ठरवून मरते तेव्हा अनेकदा इशारा येतो तंतुकणिकेकडून. तिच्यातलं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि पुढची साखळी सुरू होते. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा असतो, बोटांमधल्या पेशी अशा ठरवून मरतात म्हणून बोटं सुटी होतात. म्हणजे ऊर्जाघर म्हणून जिची आरती गायली, तिच्याच हाती मरणाचीही किल्ली, आणि आत्मघाती म्हणून जिला हिणवलं ती बिचारी भांडी घासतेय.

प्रश्न : मला १२ वर्षं मधुमेह आहे. तीन महिन्यांची साखर (एचबीएवनसी) नेहमी ८ च्या वर असायची. दीड महिन्यापूर्वी शस्त्रक्रियेत दोन बाटल्या रक्त चढवलं. परवा तपासलं तर ६.३! गोळी कमी केली तर चालेल का? (एक वाचक, हडपसर)

नाही. आजच्या आज हे पत्र घेऊन डॉक्टरांकडे जा आणि रक्त चढवल्याचं आवर्जून सांगा.

कारण या तपासणीचं सगळं गणित तांबड्या पेशीच्या आयुष्यावर आहे. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला हळूहळू, कुणाच्या मदतीशिवाय चिकटत जाते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली यावरून गेल्या दोनतीन महिन्यांचा अंदाज येतो. चढवलेल्या रक्तातल्या पेशी दुसऱ्या कुणाच्या तरी साखरेत वाढल्या. त्यांनी तुमची सरासरी खाली ओढली असण्याची शक्यता मोठी आहे. जास्त रक्तस्राव झाला आणि नव्या कोवळ्या पेशी भराभर आल्या, तरी आकडा असाच फसवा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो फसवा जास्त येऊ शकतो.

आता तुमच्या निमित्ताने माझ्या आवडत्या पेशीबद्दल. अस्थिमज्जेत तांबडी पेशी तयार होताना तिच्यात केंद्रक असतं. अगदी शेवटी ती ते बाहेर ढकलते, शेजारची भक्षकपेशी ते गिळून टाकते. मग तंतुकणिका जातात, रायबोसोम जातात. उरते हिमोग्लोबिनने भरलेली, दोन्हीकडून दाबलेली चकती, रुंदी सात-आठ मायक्रोमीटर. तंतुकणिका नसल्यामुळे वाहून नेलेल्या ऑक्सिजनला ती स्वतः हात लावत नाही. प्राणवायूशिवाय साखर मोडून तिचं भागतं. आणि केंद्रक नाही म्हणून दुरुस्ती नाही. झिजत जाते, कडक होते आणि एक दिवस प्लीहेच्या अरुंद फटींतून वाकून निघता येत नाही, तिथे संपते. त्याच वेळी मज्जेत दर सेकंदाला २० लाखांहून जास्त नव्या तयार होत असतात. पारव्याच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक शेवटपर्यंत असतं.

आणि माझ्या त्या वाक्यावर रागावलेल्या दोघा शिक्षकांसाठी एक आकडा. माणसाच्या अंगातल्या पेशींचा २०१६ मध्ये आलेला अंदाज सुमारे ३० लाख कोटींचा आहे. त्यातल्या जवळपास ८४ टक्के या तांबड्या पेशी. म्हणजे मोजदाद केली तर आपल्या अंगातल्या दर सहा पेशींतल्या पाचांना ना केंद्रक, ना तंतुकणिका, ना गॉल्जी पिंड. आकृतीतल्या सगळ्या नावांतलं पेशीपटल आणि पेशीद्रव्य तेवढं जुळतं!

प्रश्न : मला दोन मुलगे, एक मुलगी. नातू नाही, नाती आहेत. घरात वंशाचा विषय निघतो. आईकडूनच येणारं काहीतरी पेशीत असतं, असं वाचलं. ते काय? (आजोबा, कसबा पेठ)

तंतुकणिकाच. त्यांच्यात स्वतःचा छोटासा वर्तुळाकार डीएनए असतो, १६,५६९ अक्षरजोड्यांचा, ३७ जनुकांचा. शुक्रपेशीच्या तंतुकणिका अंड्यात शिरतात खऱ्या, पण तिथे त्यांचा निकाल लावला जातो. उरतात त्या अंड्यातल्या, म्हणजे आईच्या.

तुमच्या घरातलंच घ्या. तिन्ही मुलांच्या अंगात आजींच्या, म्हणजे तुमच्या पत्नीच्या तंतुकणिका आहेत. मुलग्यांपाशी त्या थांबल्या. त्यांच्या मुलींना सुनांकडच्या मिळाल्या. तुमच्या मुलीच्या लेकींमधून मात्र आजींचा तो दोरा पुढे चालला आहे. मुलगा नसेल तर वंश बुडतो म्हणणाऱ्यांना हे चहाबरोबर ऐकवायला हरकत नाही.

पण आजोबा, प्रामाणिकपणे पुढचंही ऐकवा. तंतुकणिकेला लागणाऱ्या हजाराहून जास्त प्रथिनांपैकी तिच्या स्वतःच्या डीएनएत फक्त १३ ची कृती आहे. बाकीची सगळी केंद्रकात, आणि केंद्रकातली गुणसूत्रं निम्मी आईची, निम्मी वडिलांची. तंतुकणिकांचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत राहायला आले, हे १९६७ साली लिन मार्गुलिस यांनी नेटाने मांडलं आणि पुढे ते मान्य झालं. भाडेकरू म्हणून आले, हळूहळू सामान घरमालकाच्या कपाटात गेलं आणि आता दोघांनाही वेगळं निघता येत नाही. पेठेत राहता, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मी इंदूरची, लग्नानंतर पुण्यात आले. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू, मराठीत पेशी म्हणजे कोशिका. मुलाचा अभ्यास घेताना माझा गोंधळ होतो. (विमाननगर)

गोंधळ आपल्या पूर्वजांनी घातलाय, तुम्ही नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. सुश्रुताच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे आजचा स्नायू, आणि स्नायू म्हणजे सांध्यांना बांधणारे चिवट बंध. हिंदीने मांसपेशी जपली. मराठीने स्नायू हा शब्द मांसाकडे सरकवला आणि रिकामी झालेली पेशी ‘सेल’ला दिली. आपल्याकडे दोन्ही नांदतात. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात जी राष्ट्रीय संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवते, तिचं नाव राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र.

इंग्रजांचंही काही वेगळं नाही. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप पाहिला, त्यातले कप्पे त्याला मधाच्या पोळ्यासारखे वाटले, त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. त्याने पाहिल्या त्या मेलेल्या झाडपेशींच्या भिंती, आत काहीच नव्हतं. केंद्रकाला नाव मिळायला १८३१ साल उजाडावं लागलं, तेही रॉबर्ट नावाच्याच माणसाने दिलं, ब्राउनने. मुलाला सांगा, मराठी पेपरात पेशी लिही आणि आईशी हिंदीत बोल.

प्रश्न : सफरचंदाच्या मूलपेशी असलेलं क्रीम घेतलं, साडेतीन हजारांचं. त्वचा तरुण होईल का? (कोथरूड)

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, केंद्रक नसलेल्या पेशींचा असतो. बाटलीतल्या सफरचंदाच्या पेशीही जिवंत नसतात. मेलेल्यावर मेलेलं चोपडून काय होणार? ओलावा राहील, तो साध्या व्हॅसलीननेही राहतो. पावती असेल तर परत करून बघा.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत आमची पाळी येईपर्यंत तास संपतो. घरी स्वतःची पेशी बघता येईल का? (इयत्ता नववी, धनकवडी)

येईल की! ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक कुणाकडून मागून आण. तुझ्या आत्या-मामांपैकी कुणीतरी बारावीत हौसेने घेतलेला असतो आणि माळ्यावर पडलेला असतो. निळा रंग म्हणून मिथिलीन ब्लू हवं. ते मासे विकणाऱ्या दुकानात मिळतं, माशांच्या बुरशीवर वापरतात. त्यात पाणी घालून फिकं कर. कपड्यांना लागलं तर आईपुढे माझं नाव सांगू नकोस.

खळखळून चूळ भर. इअरबडने गालाच्या आतून हलकेच घास, रक्त काढायचं नाही. काचपट्टीवर ते पुसून पाच मिनिटं वाळू दे. निळ्याचा एक थेंब टाक, दोन मिनिटांनी कडेने पाणी सोडून जादा रंग धू. एक थेंब पाणी ठेवून वर झाकणकाच, तीही तिरकी टेकवून हळू सोडायची. आधी कमी भिंगातून बघ, मग जास्त.

दिसतील त्या चपट्या, कडा मुडपलेल्या, कच्च्या पापडासारख्या पेशी, मध्ये गडद निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. त्याच्या एवढ्याशा जागेत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला आहे, हे डोळा भिंगाला लावलेला असतानाच आठव. आजूबाजूला बारीक निळे कण दिसले तर ते तुझ्या तोंडातले जिवाणू, घाबरू नकोस. आंतर्द्रव्यजालिका, रायबोसोम यांतलं काही दिसणार नाही, प्रकाशाच्या भिंगाची तेवढी ताकद नसते. वहीत जे दिसलं तेवढंच काढ, पुस्तकातलं भरू नकोस.

आणि पहिल्यांदा तुला काळी जाड कड असलेला एक सुरेख गोल दिसेल, तू ओरडशील ‘सापडली!’ आमच्या वर्गात दरवर्षी निम्मी मुलं तोच काढून आणायची, खाली नावं देऊन, पेशीपटल, पेशीद्रव्य, सगळं. तो हवेचा बुडबुडा असतो. तिथून काचपट्टी थोडी डावीकडे सरकव.